एक तृतीयांश सायकल

मी, शाकीर इमाम मणियार, वय बावीस वर्षे, धंदा सायकल दुरुस्ती, शिक्षण बी.कॉम. दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत (का ते कलम ४ मध्ये), राहणार शिरूर, जिल्हा पुणे, आज शनिवार, दिनांक ११ जानेवारी २००३ रोजी, तहसील कचेरीसमोर दस्तलेखकाच्या बाकड्यावर बसून, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ह्या शेवटच्या वाक्याला माझे उस्ताद हौसराव आप्पा यांनी तोंडी हरकत घेतली, ती नोंदवून वाक्य कायम ठेवत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. नशापाणी मी करत नाही. सकाळपासून दोन चहा झाले, तेवढेच.

हे आत्ताच करण्याचं कारण असं, की उद्या रविवारी सकाळी सहाला मी एक जुनी सायकल चालवत शिरूरहून न्हावरा, पारगाव, केडगाव या रस्त्यानं दौंडला जाणार आहे. चौदा महिने खपून सायकल मी उभी केली, आणि लांबच्या रस्त्यावरची ही तिची पहिली ट्रायल. तिच्या चिमट्याला, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यात बसतं त्याला, गळ्याशी चीर होती. ती कारेगावच्या एका वेल्डरकडून पितळानं भरून घेतली. तो म्हणाला, "भैया, चलेगा. लेकिन कसम नहीं खाऊंगा." आप्पांनी चिमट्यावर पाना वाजवला, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "नवा चिमटा टाक. ह्याच्यावर बसायचं आसंल तर आधी मृत्युपत्र करून ये."

मी म्हटलं, "येतो करून."

आणि इथं येऊन बसलो. बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाही. नवा चिमटा टाकला तर सायकल दादांची राहत नाही, हे दुसरं कारण. दादा कोण ते कलम ३ मध्ये.

कलम १. मालमत्ता.

स्थावर काही नाही. जंगम येणेप्रमाणे: पान्यांचा एक संच, त्यात चौदा नंबरचा नाही (तो कुणाकडे आहे ते मला आणि त्याला माहीत आहे). स्पोक आवळायची चावी. एक टेपरेकॉर्डर, त्यातला फक्त रेडिओ चालतो. अकाउंट्सचं जाड पुस्तक. आणि सदर सायकल: विलायती, चोवीस इंची फ्रेम, सळीचे ब्रेक, बंद चेनकव्हर, कातडी सीट. पुढच्या मडगार्डवर पितळेचा बगळा, त्याची चोच तुटकी. बाकी सगळं मी नव्यासारखं केलं, चोच केली नाही. ती मुद्दाम तशी ठेवली आहे, कोणी जोडू नये.

कलम २. कायदा.

कायदा मला दस्तलेखक बापूसाहेबांनी सांगितला. मृत्युपत्र खरं तर तेच लिहिणार होते, पण माझं निम्मं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि पेन माझ्या हातात दिलं. "हे तुझं तूच लिही, बाबा. मी चाळीस वर्षं बांधावरची भांडणं लिहिली. हे मला जमायचं नाही."

आमच्या शरियतीप्रमाणे दोन गोष्टी पक्क्या आहेत. एक, जो वारस नाही त्याला मृत्युपत्रानं आपल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. दोन, जो वारस आहे त्याला मृत्युपत्रातून वेगळं काही देता येत नाही, त्याचं त्याला कायद्यानंच मिळतं. वारस म्हणजे आई, बाप, बायको, लेकरं. मला तूर्त आई आणि बाप आहेत.

मला सायकल जिला द्यायची ती वारस नाही. आणि माझी बाकी सगळी मालमत्ता तागडीत घातली तरी सायकलच्या सीटएवढी भरणार नाही. म्हणजे सायकल अख्खी देता येत नाही.

"मग सायकलचे तीन भाग कसे करायचे?" मी विचारलं.

आप्पा शेजारी शेंगा सोलत होते. "पुढचं चाक, मागचं चाक, आन् मधला सांगाडा. झालं की तीन."

"आप्पा, थट्टा नको."

"थट्टा कुठं करतोय? मागचं चाक दे तिला. वढतंय तर तेच."

बापूसाहेब म्हणाले, वारसांनी संमती दिली तर अख्खी देता येते. पण संमती मागायची तर अब्बांना कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर मरायला उद्याच्या ट्रायलची गरज राहणार नाही. मग बापूसाहेबांनी आवाज खाली आणून दुसरी वाट दाखवली. "सायकलची किंमत शून्य लिही. जिची किंमतच नाही ती वाटणीत कोण धरतंय? दे अख्खी."

त्या शून्यावरून मी उठून गेलो. पाण्याच्या टाकीला चक्कर मारून परत आलो, तेव्हा आप्पा बापूसाहेबांना सांगत होते, "बसंल परत. त्याचं वायसर जरा लवकर तापतं."

कलम ३. सायकल माझ्याकडे कशी आली.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत शाहनवाज दादा राहतात. लोको शेडमध्ये फिटर होते. ही सायकल त्यांना शेडच्या एका साहेबानं विलायतेला परत जाताना दिली. तीस वर्षं ते तिच्यावरून कामावर गेले. पुढं गुडघे गेले, सायकल व्हरांड्यात भिंतीला टांगली, आणि त्यांच्या मुलानं, म्हणजे मालगाडीवरच्या गार्डसाहेबांनी, घराला रंग काढताना ती भंगारवाल्याला देऊन टाकली.

त्याच दिवशी मी आप्पांसाठी जुने हब शोधत त्या भंगाराच्या दुकानात उभा होतो. एक मुलगी भंगारवाल्याशी भांडत होती.

"वजन करून घेतली ना? मग वजन करून परत द्या."

"ताई, घेतलेला माल परत देत नसतो."

"तुमच्यासाठी माल. ह्या बगळ्याची चोच मी तोडली आहे, पाच वर्षांची असताना. मार खाल्लाय मी तिच्यासाठी."

ती तहमीना. गार्डसाहेबांची मुलगी, दादांची नात. मला काय झालं माहीत नाही. मी मनगटावरचं घड्याळ काढून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं आणि सायकल बाहेर काढली. (म्हणून सायकल कायद्यानं माझी आहे. बापूसाहेबांनी हे दोनदा विचारून घेतलं.)

तहमीनानं विचारलं, "तुम्ही कोण?"

"सायकलवाला. आठ दिवसांत चालू करून दादांना आणून देतो."

"चालवत आणाल, की टेम्पोतून?"

"चालवत."

आठ दिवसांचे चौदा महिने झाले. पहिल्याच दिवशी मी डावं पायडल सोडवायला बसलो. ते निघेना. पान्याला नळी लावली, वर उभा राहिलो. जेवढा जोर लावावा तेवढं ते जास्तच घट्ट होत गेलं. आप्पांनी मला कॉलरला धरून खाली उतरवलं. "डाव्या पायडलचं आटं उलटं आसत्यात. तू सोडवत न्हाईस, आवळतोयस." तेव्हापासून दुकानात माझं नाव 'उलट्या आट्याचा' पडलं आहे. सायकल ज्या कुणाच्या हाती जाईल त्यानं हे डाव्या पायडलचं ध्यानात ठेवावं.

बाकी वेळ माहिती गोळा करण्यात गेला. तहमीना दौंड स्टेशनजवळ एस.टी.डी. बूथ चालवायची. मी शिरूरच्या बूथमधून तिच्या बूथला फोन करायचो. सीट काळी होती की तपकिरी? पुढच्या आठवड्यात: घंटी डाव्या हाताला की उजव्या? त्याच्या पुढच्या आठवड्यात: चेनकव्हरवर पट्टी सोनेरी होती का? शिवाय रंगाचे नमुने दाखवायला एकोणीस वेळा दौंडला गेलो. सायकल काळी आहे. आप्पा म्हणतात, सगळं एका पोस्टकार्डात झालं असतं.

आता गार्डसाहेबांची सोलापूरला बदली झाली. सोमवारी सकाळी सामानाचा ट्रक निघणार आहे. बूथ बंद करायच्या दिवशी तिचा शेवटचा फोन आला.

"शाकीरभाई, रविवारी दुपारपर्यंत आलात तर दादा सायकल बघतील. ते रोज विचारतात."

"चालवत आणतो."

"एस.टी.च्या टपावर टाकून आणलीत तरी चालेल."

"चालवत म्हणालो होतो."

"चिडू नका."

"चिडलो नाही."

फोन मी आपटला. तो माझा नव्हता, बूथवाल्याचा होता. त्याची इथं लेखी माफी मागतो.

कलम ४. शून्याबद्दल.

मी नापास होऊन कॉलेज सोडलं असं गावात बोललं जातं, ते खोटं आहे. दुसऱ्या वर्षाला जयसिंग सर घसारा शिकवत होते. फळ्यावर उदाहरण घातलं: एक सायकल, आयुष्य दहा वर्षं, दरसाल किंमत सारखी उतरत जाते, दहा वर्षांनंतर शून्य. मी उभा राहिलो. म्हटलं, "सर, शून्य होत नाही."

"होते. पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यानं चालवून बघितली होती का?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "पटत नसेल तर बाहेर जा." त्यांना तासापुरतं म्हणायचं असावं. मी अजून बाहेर आहे.

त्यानंतर वर्षभरात ही सायकल मिळाली, आणि मला वाटलं, हिला चालू करून एक दिवस कॉलेजच्या फाटकातून आत न्यायची, सरांच्या समोर घंटी वाजवायची आणि परत फिरायचं. ते राहून गेलं. माझं अकाउंट्सचं पुस्तक जयसिंग सरांना द्यावं. घसाऱ्याच्या पानावर माझ्या ग्रीसच्या बोटांचे ठसे आहेत, ते उत्तर समजावं.

कलम ५. इतर मंडळी.

अम्मीला, शहाबानो हिला, टेपरेकॉर्डर. रेडिओ लावायचा असेल तर डाव्या बाजूला चापट मारावी, जोरात नाही.

अब्बांना माझी माफी. अब्बा बाजारात बांगड्यांचा गाळा मांडतात. गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी मी सायकलची गावातली पहिली ट्रायल घेतली. ब्रेकच्या सळ्या मी खालीवर जोडल्या होत्या, ते उतारावर कळलं. गर्दीत कुठंतरी घुसायचंच होतं, तर मी ओळखीच्या जागी घुसलो. हिरव्या बांगड्यांची सगळी मांडणी खाली आली. अब्बा काचा गोळा करताना एवढंच म्हणाले, "बेटा, ब्रेक तरी बी.कॉम.वाल्याकडून लावून घ्यायचा." सदर वाक्य मी रोज रात्री आठवतो. पान्यांचा संच विकून बांगड्या भरून द्याव्यात, ही विनंती.

विक्रम, राहणार न्हावरा रोड, यास काही नाही. त्याला बापानं नवी मोटारसायकल घेऊन दिली. त्यानं माझी सायकल बघून विचारलं, "ही चालवायची हाय का वाळवणाला टाकायची?" मी त्याला तोंडावर जे बोललो ते इथं लिहिता येत नाही, बापूसाहेबांनी हात धरला. तो माझा दुसरा साक्षीदार होणार होता, आता होणार नाही. चौदा नंबरचा पाना त्यानं परत करावा.

हौसराव आप्पांना स्पोकची चावी लिहिली होती. बापूसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. आप्पांनी माझ्या हातातलं पेन घेऊन आपलं नाव स्वतः खोडलं. "चावी माझ्याकडनंच मागून घेतली व्हतीस. मला सही करायची हाय."

कलम ६. तहमीनाबद्दल.

उद्या दौंडला पोचलो तर सायकल मी हातानं देईन, हे कलम कोणी वाचायची गरज नाही, वाचू नये. न पोचलो तर वाचावं. आप्पा विचारत होते की जे बोलायचं ते तोंडानं बोलून का येत नाहीस. आप्पा, मी एकोणीस वेळा गेलो होतो. दर वेळेला ती विचारायची, "अजून काही?" आणि मी म्हणायचो, "ब्रेकचे रबर कुठल्या रंगाचे होते?"

भांडायला मला वेळ लागत नाही. ह्याला लागतो.

तहमीना, सायकल तुझी. सगळी, पुढचं चाक, मागचं चाक आणि सांगाडा. ती तुला देता यावी म्हणून मी खाली जे लिहितो आहे ते लिहायला मला अर्धा तास लागला आणि आप्पांच्या सगळ्या शेंगा संपल्या:

सदर सायकलची किंमत: शून्य.

हे मला मान्य नाही. पण लिहिलं आहे. जयसिंग सरांना कोणी सांगू नये.

आणखी एक विनंती. तू मला शाकीरभाई म्हणतेस. मी आजवर हरकत घेतली नाही. माझ्या पश्चात तरी त्यातला 'भाई' काढून टाकावा.

येणेप्रमाणे लिहिलं, वाचून बघितलं, बरोबर आहे. खाडाखोड आप्पांच्या नावावर एकच आहे, ती आप्पांनी केली.

ठिकाण: शिरूर. तारीख: ११ जानेवारी २००३.

सही: शाकीर इमाम मणियार

साक्षीदार १: हौसराव (अंगठ्याजवळ ग्रीसचा डाग, तो सहीचा भाग नाही). नातं: उस्ताद.

साक्षीदार २: (जागा रिकामी)

सही करून आप्पा म्हणाले, "पारगावच्या पुलाच्या उताराला उतरून चाल. तिला काय कळणार हाय."

मी म्हटलं, "मला कळेल."

"कळू दे की. जित्ता आसशील तरच कळंल ना?"

पुरवणी. रविवार, दिनांक १२ जानेवारी २००३, दौंड, रेल्वे कॉलनी.

मी वरील इसमच आहे. जिवंत आहे.

सकाळी सहाला निघालो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. पारगावच्या उताराला मी उतरलो नाही. डोळे मिटले नाहीत, पण श्वास घेतला असंही नाही. चिमटा हलला सुद्धा नाही. कारेगावच्या वेल्डरनं कसम खायला हरकत नव्हती.

गेलं ते डावं पायडल. दौंड पाच-सहा किलोमीटर राहिलं असताना ते गळून रस्त्यावर पडलं. सकाळी निघताना घाईत मी पायडलला शेवटचा एक हात मारला होता, तो सवयीच्या बाजूला. आवळतो म्हणून ढिलं केलं होतं. पान्यानं परत बसवता आलं असतं, पण त्या उलट्या आट्यांशी परत झुंजत बसलो असतो तर दुपार टळली असती. पायडल खिशात घातलं आणि उरलेला रस्ता एका पायानं मारला. विक्रम मोटारसायकलवरून मागून येत होता हे मला तेव्हाच कळलं. तो पुढं गेला नाही. कॉलनीच्या कमानीपर्यंत मागंमागं राहिला, तिथं चौदा नंबरचा पाना माझ्या हातात दिला आणि वळला. कलम ५ मधलं त्याच्याबद्दलचं निम्मं मागं घेतो.

व्हरांड्यात दादा खुर्चीवर होते. भोवती बांधलेलं सामान. मी उतरायच्या आत ते म्हणाले, "पहले घंटी बजा." वाजवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग माझ्या पायाकडं बघून विचारलं, "बायां पायडल उलटा टाइट किया क्या रे?"

मी म्हटलं, "हां, दादा."

"मैं भी किया था. सन अड़तालीस में. साहब के सामने गिरा."

तहमीना पाणी घेऊन आली. दादांनी तिला सीटखालच्या पिशवीतला मोठा पाना काढायला सांगितला. इथं माझी चूक झाली. मेलो तर सापडावं म्हणून हा कागद मी त्याच पान्याला गुंडाळून ठेवला होता.

तिनं पाना दादांना दिला आणि कागद उघडला. मी म्हटलं, "ते बिल आहे." ती म्हणाली, "स्टॅम्प पेपरवर?" आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. मी सगळं पाणी प्यायलो. रिकामा तांब्या आणखी बराच वेळ पीत राहिलो. दादा पायडल बसवत होते.

वाचून झाल्यावर तिनं पेन मागितलं. कागद भिंतीला लावून काहीतरी लिहिलं, घडी घातली, माझ्या हातात दिला. "साक्षीदाराची जागा रिकामी होती. भरली."

मी उघडून बघितलं. कलम ६ वर दोन आडव्या रेघा मारल्या होत्या. सगळ्या कलमावर.

मी सायकल तिथंच ठेवली आणि चालत निघालो. एस.टी. स्टँडवर जायचं, शिरूर गाठायचं आणि आयुष्यात परत सायकल हातात धरायची नाही, असं फाटकापर्यंत जाताना ठरवलं. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी आली. किती डबे होते मोजले नाहीत, पण संपेनात. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून कागद पुन्हा उघडला, फाडायला. तेव्हा मागच्या बाजूचं अक्षर दिसलं.

फाटक बंद होतं म्हणून वाचलो.

आता परत व्हरांड्यात बसून हे लिहितो आहे. दादा सायकलवर बसले आहेत, स्टँडवर लावलेल्या, आणि घंटी वाजवत आहेत. गार्डसाहेब सोलापूरची गाडी घेऊन गेले आहेत, संध्याकाळी येतील. मी तोवर थांबणार आहे. तिनं विचारलं, "अजून काही?" ह्या वेळेला मी रबराचा रंग विचारला नाही. काय म्हणालो ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही, कारण ते मेल्यानंतरचं नाही.

डोकं ठिकाणावर असल्याबद्दलचं कालचं वाक्य आप्पांच्या हरकतीप्रमाणे मागं घेतो.

सही: शाकीर इमाम मणियार

मागच्या बाजूचा मजकूर, तिच्या अक्षरात:

साक्षीदार २. मी, तहमीना शेख, वरचं सगळं उभ्यानं वाचलं. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं आहे, ते नंतर सांगीन. सायकलची किंमत शून्य लिहिली आहे ती मी खोडली. कलम ६ मधून मला जे दिलं आहे ते मी घेत नाही. वारसाला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं कलम २ मध्ये ह्यांनीच लिहिलं आहे. 'भाई' काढण्याची विनंती मंजूर, पश्चात नव्हे, आजपासून. सायकल ट्रकातून सोलापूरला येईल. सळीचे ब्रेक दर महिन्याला येऊन तपासावे लागतात, असं दादा म्हणतात.

सही: तहमीना

ठिकाण: दौंड. तारीख: १२ जानेवारी २००३.

साक्षीदाराचं नातं: अब्बांशी बोलून सोलापूरहून कळवते. तोवर जागा सोडावी.